कर्त्या माणसानं मागं चालायचं

३ एप्रिल १९६४, शुक्रवार. हवल्ली

ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. अरबाबनी, म्हणजे यांच्या मालकांनी, नव्या वर्षाची भेट म्हणून दिली तेव्हा मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर बसून मी लिहिणार काय? पाण्याचा टँकर आला आणि टँकर गेला? आज मात्र लिहिण्याजोगं काम आलं आहे.

अरबाब उन्हाळ्यात बायकोला आणि दोन मुलींना घेऊन स्वित्झर्लंडला जाणार. सोबत हे. मुलींना हॉटेलातलं जेवण जात नाही, यांच्या हातचा भात जातो. शिवाय सामान, टॅक्सी, धाकट्या लुलुवाची रडारड, हे सगळं कोण बघणार? दुकानात हे गोदाम सांभाळतात, पण अरबाबच्या घरातलं पानसुद्धा यांच्यावाचून हलत नाही.

तिथे उंच डोंगरांत सरकारने राखून ठेवलेलं मोठं रान आहे म्हणे. शिकार नाही, फूल तोडायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही. मुलींना ते बघायचं आहे. ट्रॅव्हलवाल्याने इंग्रजी पुस्तिका आणि नकाशा दिला. अरबाब यांना म्हणाले, "अकबर, तुझी बायको मास्तरीण होती ना? तिला सांग, डोंगरातला एक अख्खा दिवस आखून दे. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, आणि कुणाच्या केसाला धक्का लागता कामा नये."

श्रीवर्धनला मुलींच्या शाळेत असताना मी दरवर्षी सहल काढत असे. एकही मुलगी कधी हरवली नाही की पडली नाही. हेडमास्तर म्हणायचे, फखरुन्निसाबाईंच्या सहलीत पावसालासुद्धा विचारून पडावं लागतं. कुवैतला आल्यापासून माझ्या या गुणाचं कुणी नाव काढलं नव्हतं. आज अरबाबनी काढलं.

हे जेवताना म्हणाले, "फखरू, आता तू आम्हाला डोंगर चढवणार."

म्हटलं, चढवीनच. आधी पोट बघा तुमचं.

१० एप्रिल

पुस्तिका दोनदा वाचून काढली. फार शहाण्या माणसाने लिहिली आहे. दुपारनंतर तिथे गडगडाट होऊन पाऊस येतो, म्हणून पहाटे निघावं. आदल्या रात्री पायथ्याशीच मुक्काम करावा. अंगावर कपडे थरावर थर घालावेत. आणि ज्याची छाती किंवा काळीज कमजोर असेल त्याने आधी डॉक्टरला दाखवावं, कारण उंचीवर हवा विरळ असते आणि श्वास पुरत नाही. हा नियम मी सगळ्यांत वर लिहिला. जाणाऱ्या प्रत्येकाने छाती तपासून घ्यायची.

यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे कशाला? अरबाब धट्टाकट्टा आहे."

"नियम तो नियम. सगळ्यांना सारखा."

यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. माझी मास्तरकी यांना कधी कधी डाचते, मला ठाऊक आहे.

संध्याकाळी आमची असमा वर पळत आली आणि म्हणाली, बाबा जिन्यात बसलेत. मी डोकावले तर हे खरंच दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, तांदळाची पिशवी शेजारी. म्हणाले किल्ल्या शोधतोय. किल्ल्या हातातच होत्या. एवढा विसराळू माणूस गोदाम कसं सांभाळतो कोण जाणे.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज रंगीत तालीम झाली. अरबाबनी गाडी काढली आणि सगळ्यांना मुतलाच्या टेकाडावर नेलं. पहाटे फजरची नमाज करून निघालो. डोंगर कसला, सपाट वाळवंटाच्या कडेला उचललेली एक धार आहे, खाली खाडीचा चिखल आणि त्यापलीकडे समुद्र. पण कुवैतमध्ये चढायला दुसरं आहे काय?

मी सगळ्यांना रांगेत लावलं. पुढे अरबाब, मग त्यांची बायको, मग लुलुवा, मग थोरली नूरिया. यांना मी अरबाबच्या मागोमाग ठेवत होते, नकाशा यांच्याकडे म्हणून. तर हे म्हणाले, "नको. मी शेवटी राहतो. आपल्याकडे कर्त्या माणसानं मागं चालायचं असतं."

माझा ऊर भरून आला. खरंच आहे ते. लहानपणी ओहोटीला आम्ही खाडी ओलांडून मामांकडे जायचो तेव्हा बायका-पोरं पुढे आणि अब्बा सगळ्यांच्या मागे. पुढच्याचा पाय चिखलात रुतला तर मागच्याला दिसतो. मागे कुणी राहायला नको, म्हणून जो सगळ्यांत खंबीर तो मागे. अरबाबलाही हे फार पटलं. मी तिथेच नियम लिहून घेतला: शेवटी अकबर, ओझं अकबरकडे.

चढताना हे बरेच मागे पडले. नूरिया वळून हाक मारायची तर हे हात हलवून पुढे व्हा म्हणायचे. वर आले तेव्हा तोंड राखेसारखं झालेलं आणि सदरा पाठीला चिकटलेला. म्हटलं, काय करत होता एवढा वेळ? म्हणाले, "मागचं बघत होतो."

मागे वाळूशिवाय काही नव्हतं.

१ मे, शुक्रवार

माझे धाकटे दीर अशरफ जेवायला आले. शुऐबाला बंदराचं बांधकाम चाललंय तिथे असतात, फरवानियात चौघांच्या खोलीत राहतात. सुरमईचं कालवण केलं होतं. दोघे भाऊ पाठमोरे बसले तर कोण कुठला कळू नये, एवढे सारखे. फक्त अशरफ काटक आणि हे आता सुटलेले.

अशरफने हसवून हसवून मारलं. खोलीतल्या मजीदला नोकरीसाठी छाती दाखवायची होती, आणि त्याला तर जन्माचा खोकला. मग अशरफच मजीद होऊन गेले. डॉक्टरने फोटो काढला, ठोकून बघितलं, पास. त्याआधी गावच्या आणखी एकासाठी गेले होते. म्हणाले, "भाभी, माझ्या एका छातीवर तिघं जण कुवैतमध्ये कमावतायत."

मी हसले खरी, पण म्हटलं, ही लबाडी एक दिवस अंगाशी येईल. त्यावर अशरफ म्हणाले, "डॉक्टरला आपली तोंडं कुठं वेगळी दिसतात?"

हे हसले नाहीत. ताटातला भात नुसता चिवडत होते. अलीकडे जेवणही कमी झालंय. बरंच आहे, पोट उतरेल.

२३ मे

सगळ्यांचे डॉक्टर झाले. अरबाबची साखर थोडी जास्त, त्यांच्या बायकोला रक्त कमी, मुली ठणठणीत. आणि आमचे हे? डॉक्टर म्हणाला म्हणे, याची छाती बैलासारखी आहे, डोंगरच काय, डोंगर पाठीवर घेऊन जाईल. अरबाब हे स्वतः मला सांगायला आले. अख्ख्या दुकानात तो विनोद झाला आहे.

मी यांना म्हटलं, बघा, आणि तुम्ही डॉक्टरकडे जायला कुरकुरत होता. हे म्हणाले, "होय गो, तुझंच बरोबर."

एवढ्या सहज हे कधी हार मानत नाहीत. मला वाटतं मनातून खूष झाले असावेत. मी ओझ्याचा आकडा वाढवला. पाणी, सगळ्यांचे गरम कपडे, शिधा आणि लुलुवा दमली तर लुलुवासुद्धा. अशी छाती असल्यावर काय.

६ जून

बुटांचं काही समजत नाही. यांच्यासाठी डोंगरचे जाड बूट आणले. सकाळी घालून बघितले तर छान बसले. संध्याकाळी पाय आत जाईना. दुकानदाराशी भांडून एक नंबर मोठे आणले. तेही संध्याकाळी होत नाहीत. असमा यांच्या पायावर बोट दाबते आणि खळगा पडतो तो किती वेळ टिकतो ते बघते. तिला तो खेळच झाला आहे.

मी म्हटलं, गोदामात दिवसभर उभं राहून सुजतात. रोज मिठाच्या पाण्यात बुडवा.

२० जून

उन्हाळा असा आहे की नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. तोजही चालू आहे, बारीक धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी ताटात येते. तरी मी यांचा सराव चुकवत नाही. संध्याकाळी पाठीवर तांदळाची गोण बांधून गच्चीवर जायचं आणि परत खाली यायचं. हे गच्चीवर गेले की लवकर खाली येत नाहीत. वारं छान आहे म्हणतात. एकदा मी बघायला गेले तर टाकीला टेकून डोळे मिटून बसले होते, गोण अजून पाठीवर तशीच.

अलीकडे झोपतातही बसूनच. उशीला उशी लावून. आडवं झालं की उकडतं म्हणतात. या माणसाला स्वित्झर्लंडची थंडी खरंच मानवेल.

कधी कधी मी यांच्याकडे बघते आणि मनात काहीतरी टोचतं. काय ते कळत नाही. मग वाटतं, पहिल्यांदाच एवढे दिवस लांब जाणार म्हणून होत असेल.

१८ जुलै

गेले आज. विमानतळावर असमाने गळ्याला मिठी मारली ती सोडेना. हे तिला म्हणाले, शाळा बुडवायची नाही, कळलं? मग मला म्हणाले, "असमाची शाळा सुटता कामा नये, काही झालं तरी. गावी नाही असली शाळा."

मी म्हटलं, महिन्याभरात परत येणार माणूस, आणि बोलता असं की जणू हजला निघालात. हे हसले. बॅगा उचलायला गेले तर अरबाबनीच हाक मारली, "चल रे बैला," आणि सगळे हसले.

३० जुलै

यांचं पत्र आलं. तळ्याकाठचं शहर आहे, हॉटेलचा जिना लाकडी आहे, लुलुवा आता भाताशिवाय पावही खाते. हॉटेलवाल्या बाईने यांना चार उशा दिल्या, फार भली बाई आहे. डोंगराचा दिवस अकरा ऑगस्ट ठरला. आदल्या दिवशी पायथ्याच्या सरायीत मुक्कामाला जाणार, अगदी मी लिहिलंय तसंच. शेवटी लिहिलंय, तुझा कागद अरबाब सगळ्यांना वाचून दाखवतात.

पत्र मी खालच्या बाईंनाही वाचून दाखवलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

७ ऑगस्ट, शुक्रवार

लिहून काढल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

दुपारी अशरफ आले. मी कौतुकाने त्यांना सगळा दिवस ऐकवला. पहाटे चालायला लागायचं, खिंडीपर्यंत चढ, तिथे न्याहारी, मग वरच्या माळावर जेवण, मागे अकबर, पाठीवर ओझं. माझं वाचून होईपर्यंत अशरफचा घास हातातच राहिला होता.

"भाभी, दादा चढणार आहे?"

"मग काय खाली बसणार आहेत?"

"मला बोलला हॉटेलात भात रांधायला जातोय. डोंगरावर नाय जात. मला शपथ घालून बोलला."

मग त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीत हे शुऐबाला अशरफकडे गेले होते तेव्हा चालता चालता खाली बसले. अशरफने तिथल्याच एका डॉक्टरला दाखवलं. काळीज सुजलंय, म्हणाला तो. ओझं उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, घरी जाऊन विश्रांती घ्या. आणि मे महिन्यात अरबाबच्या डॉक्टरसमोर जी छाती उघडी झाली ती अशरफची.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी कोण लागते यांची?

अशरफ खाली मान घालून म्हणाले, "दादा बोलला, फखरूला कळलं तर ती नियमावर बोट ठेवील. अरबाबला सांगील. अरबाब मला गावी पाठवील, नि असमाची शाळा सुटंल."

जिन्यातल्या किल्ल्या. बूट. गच्ची. उशा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यांच्या पाठीवर गोण बांधत होते. मी स्वतःच्या हाताने बांधत होते, गाठ घट्ट आहे ना ते बघून. आणि मागे चालायचं का होतं तेही आता कळलं. मागे थांबलेलं कुणाला दिसत नाही.

अशरफला मी खूप बोलले. मग दोघंही रडलो.

८ ऑगस्ट

सकाळी अशरफने तार केली. रात्रभर मी विचार केला, तार अरबाबच्या नावाने करावी की यांच्या. अरबाबला केली तर डॉक्टरची लबाडी उघडी पडेल. यांची नोकरी जाईल, अशरफची जाईल, मजीदचीही चौकशी होईल. म्हणून यांच्याच नावाने केली. चढू नका. अशरफने सगळं सांगितलं. खाली थांबा. फखरू.

अजून ते शहरातल्या हॉटेलातच आहेत, तार वेळेत मिळेल. आता हे पाय मुरगळला म्हणतील, पोट बिघडलं म्हणतील. यांना सबब सुचायला वेळ लागत नाही, हे मला आता पुरतं कळलंय. सरायीत गरम पांघरुणात बसून राहतील. परत आले की मी बघते यांच्याकडे.

जीव जरा भांड्यात पडला.

९ ऑगस्ट

आज अरबाबच्या आईकडे गेले होते. सगळे तिला यम्मा म्हणतात. ती कुवैतमध्येच राहिली आहे, परदेशी जायचं तिला नको वाटतं. वाटेत ठरवलं होतं, हिला सगळं सांगून टाकायचं, ही अरबाबला कळवील. दिवाणखान्यात बसले, चहा झाला, तिने असमाला खजूर दिले. तोंडाशी आलेलं बोलले नाही. म्हटलं, तार गेलीच आहे. उगाच यांचं नाक कापलं जाईल.

यम्मा म्हणाली, मंगळवारी रात्री मुली डोंगरावरून आल्या की फोन करणार आहेत, तूही ये ऐकायला. तुझाच डोंगर आहे.

घरी आल्यावर वाटलं, परत जावं. बसची वेळ होऊन गेली होती.

११ ऑगस्ट, मंगळवार

जे झालं ते झालं त्याच क्रमाने लिहिते.

रात्री इशाची नमाज झाली आणि मी अशरफला घेऊन यम्माकडे गेले. जाताना मन शांत होतं. तिथलं घड्याळ आपल्या दोन तास मागे, म्हणजे तिथे अजून उजेड असेल, हेही मी अशरफला सांगितलं. फोन यायला बराच वेळ लागला. यम्मा आधी बोलली, हसली, अल्लाचे आभार मानले. सगळे सुखरूप खाली आले होते. मग तिने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे नूरिया होती. ती माझ्याशी हिंदीत बोलते, यांच्याकडूनच शिकली आहे.

"खाला, आम्ही शीळ घालणारा प्राणी बघितला. आणि बर्फ. मग धुकं आलं आणि पाऊस आला. पण आम्ही चहाच्या आधी खाली आलो. आंघोळीपण झाल्या."

मी म्हटलं, छान. अकबर कुठे आहेत, खालीच होते ना?

"नाही, वर होता. तो मागून येतोय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं.

"तो म्हणाला तुम्ही पुढे व्हा. कर्त्या माणसाने मागे चालायचं असतं. तुझ्या कागदात तसंच लिहिलंय ना, खाला?"

मी विचारलं, यांना तार मिळाली होती का? आली होती म्हणाली. त्याने वाचली आणि खिशात ठेवली. नूरियाने विचारलं तर म्हणाला, घरून आहे, सगळं ठीक आहे.

मी म्हटलं, बाबांना फोन दे. अरबाब आले तेच माझं कौतुक करत. दिवस अगदी घड्याळासारखा गेला, फखरुन्निसा, म्हणाले. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, वर माणसं पाठवा. आत्ता पाठवा. यांचं काळीज आजारी आहे. ते म्हणाले, अगं, डॉक्टरने तर… मी म्हटलं, ती छाती अशरफची होती. अशरफ माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी तोंडावर हात घेतला. यम्मा आमच्याकडे बघत राहिली, तिला काही कळत नव्हतं.

रिसीव्हर कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं लाइन गेली. मग पलीकडे अरबाब कुणाला तरी हाका मारायला लागले, सरायीवाल्याला असेल, दिवे आणा, माणसं आणा. परत फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

मी विचारलं, यांना शेवटचं कुठे पाहिलं?

"वळणावरून. वरच्या माळाखाली. दगडावर बसला होता. मुलींनी हाक मारली तर त्याने हात हलवला, पुढे व्हा म्हणून. आम्हीही हलवला."

"कधी?"

"जेवण झाल्यावर, थोड्या वेळाने."

मग खरंच लाइन गेली. ऑपरेटर म्हणतो आता सकाळशिवाय मिळणार नाही. यम्माने मला घरी जाऊ दिलं नाही, असमाला इथेच आणायला गाडी पाठवली आहे. अशरफ दाराशी जमिनीवर बसलेत. मला कुणी काही विचारत नाही.

कागदात जेवण मी बाराला ठेवलं होतं.